टेनिसपटूला मतं मिळतात का? जॉन अलेक्झांडरच्या निमित्ताने

विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: राष्ट्रीय पातळीवर टेनिस खेळलो, काही वर्षं व्यावसायिक स्पर्धांच्या खालच्या टप्प्यांत घालवली, आता महापालिकेच्या कोर्टांवर मुलांना शिकवतो. पुढची महापालिका लढवायची आहे. टेनिसमधून राजकारणात गेलेल्यांपैकी कोणी खरंच टिकलं का? आणि पक्षातून उभं राहावं की अपक्ष?

मी निवडणुकांमध्ये प्रचाराचं नियोजन करतो. मतदार याद्या, बूथ, गाड्या, कार्यकर्त्यांची जेवणं हे माझं खातं. उमेदवार स्टेजवर असतो तेव्हा मी मागे कुणाचा तरी फोन घेत असतो. खेळाडू उमेदवारही हाताखालून गेले आहेत, बहुतेक कुस्ती-कबड्डीतले, एखाददुसरा क्रिकेटवाला. टेनिसवाला एकही नाही, पण टेनिस स्वतः थोडंफार खेळलोय आणि भरपूर पाहिलंय. त्यामुळे हे उत्तर मतपेटीच्या बाजूने येईल.

आधी प्रसिद्ध नावं उरकतो. मरात साफिनने 2000 मध्ये यूएस ओपन आणि 2005 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, 2009 मध्ये खेळ सोडला आणि 2011 च्या डिसेंबरात रशियाच्या ड्यूमात, म्हणजे तिथल्या संसदेत, जाऊन बसला. पण त्या वर्षी ड्यूमाच्या सगळ्या 450 जागा पक्षांच्या याद्यांमधून भरल्या होत्या. मतदाराने मत पक्षाला द्यायचं आणि पक्षाने यादीतली माणसं आत पाठवायची. सत्ताधारी युनायटेड रशियाच्या यादीत नाव लागलं की दारोदार फिरायचं कारण उरत नाही. 2017 मध्ये त्याने पद सोडलं. तुमच्या प्रश्नासाठी हे उदाहरण निरुपयोगी आहे, कारण मतदाराने साफिनला नावानिशी पारखलंच नाही.

रुमानियाच्या इली नस्तासेचं उलटं झालं. 1973 मध्ये संगणकी क्रमवारी सुरू झाली तेव्हा जगातला पहिला क्रमांक एक हाच. बुखारेस्टमध्ये त्याला न ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता. 1996 मध्ये तो तिथल्या महापौरपदाला सत्ताधारी पक्षाकडून उभा राहिला आणि व्हिक्टर चोर्बियाकडून पडला. लोक सरकारवर वैतागलेले होते. अशा वेळी सत्तेच्या चिन्हावर कितीही मोठा खेळाडू उभा करा, लोक त्याची सही घेतात आणि मत दुसरीकडे टाकतात.

लिएंडर पेसचं तर आपल्या शेजारी घडलं. वडील वेस पेस मूळ गोव्याचे, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्य मिळवणाऱ्या संघातले. मुलगा कोलकात्यात वाढला, 1996 मध्ये अटलांटाला एकेरीचं कांस्य जिंकला. ऑक्टोबर 2021 मध्ये ममता बॅनर्जींच्या उपस्थितीत गोव्यात त्याने तृणमूलमध्ये प्रवेश केला, फेब्रुवारी 2022 मध्ये मतदान झालं. मधले महिने मोजा. गोव्यातल्या मतदारसंघात पंचवीस-तीस हजार मतदार असतात, उमेदवार जवळजवळ प्रत्येक घराला नावाने ओळखतो आणि पाच-सातशे मतांनी निकाल फिरतो. तिथे बाहेरून आलेल्या पक्षाला नावाजलेला चेहरा मिळाला, पण प्रत्येक वाड्यावर लागणारी माणसं तेवढ्या वेळात उभी राहत नाहीत. तृणमूलला एकही जागा मिळाली नाही. लिएंडर स्वतः उमेदवार नव्हता, त्यामुळे तो पडला असंही म्हणता येत नाही.

आता ज्याच्यामुळे हे उत्तर लिहायला बसलो तो माणूस: ऑस्ट्रेलियाचा जॉन अलेक्झांडर. हा 2010 पासून 2022 पर्यंत खासदार होता, तोही सिडनीच्या एका अवघड मतदारसंघातून. मधल्या काळात एकदा खासदारकी गेली, तीही परत लढून मिळवली. टेनिसपटूंच्या राजकारणात अभ्यासण्यासारखी माझ्या मते हीच एक केस आहे, आणि गंमत म्हणजे चौघांत सगळ्यात कमी नावाजलेला हाच.

आपल्याकडच्या जुन्या टेनिसवाल्यांना तो वेगळ्याच कारणाने आठवेल. 1974 च्या डेव्हिस कपमध्ये, म्हणजे देशांच्या सांघिक टेनिस स्पर्धेत, कोलकात्याच्या साउथ क्लबच्या गवतावर भारताने ऑस्ट्रेलियाला 3-2 असं हरवलं. टायब्रेक नव्हता, सेट लांबेल तेवढा लांबायचा. पहिल्या दिवशी अलेक्झांडरने विजय अमृतराजला 14-12, 17-15, 6-8, 6-2 असं हरवलं. मग दुहेरीत विजय आणि आनंद अमृतराज विरुद्ध अलेक्झांडर आणि कॉलिन डिब्ली: 17-15, 6-8, 6-3, 16-18, 6-4. एका सामन्यात 99 गेम, आणि जिंकले आपले. पाच सामन्यांचे मिळून 327 गेम झाले. अलेक्झांडर दोन्ही एकेरी जिंकला तरी संघ हरला.

भारताने पुढे पुण्यात सोव्हिएत संघाला 3-1 हरवून अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णद्वेषाच्या निषेधार्थ भारत खेळलाच नाही आणि कप न खेळता त्यांच्याकडे गेला. खेळात राजकारण आणू नका असं म्हणणाऱ्यांना मी हे वर्ष आवर्जून सांगतो.

खेळाडू म्हणून अलेक्झांडर चांगला होता, महान नव्हता. एकेरीत क्रमवारीत आठव्या क्रमांकापर्यंत पोचला, 1975 मध्ये फिल डेंटबरोबर आणि 1982 मध्ये जॉन फिट्झजेराल्डबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली. सर्वोत्तम दिवस 1977 चा. डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत सिडनीला त्याने इटलीच्या आद्रियानो पानात्ताला पाच सेटमध्ये हरवलं, शेवटचा सेट 11-9. पण त्याच काळात त्याच देशात न्यूकोम आणि रोझवॉलसारखे दिग्गज होते. अलेक्झांडरचं नाव दुसऱ्या फळीतलं. खेळ संपल्यावर तो टीव्हीवर टेनिसचं समालोचन करायचा. राजकारणात आला तेव्हा वय साठीला टेकलेलं.

म्हणजे नावाचं भांडवल बेताचंच आणि तेही जुनं. त्यात पहिल्याच पायरीवर हार. 2009 मध्ये सिडनीच्या ब्रॅडफिल्ड या सुरक्षित जागेवर पोटनिवडणूक लागली. लिबरल पक्षासाठी तेव्हा ही जागा म्हणजे तिकीट मिळालं की खासदार. तिथे तिकीट वरून कुणाच्या खिशातून येत नाही. पक्षाचे स्थानिक सभासद आणि प्रतिनिधी इच्छुकांची भाषणं ऐकतात, प्रश्न विचारतात आणि मतदान करून उमेदवार ठरवतात. त्या जागेला 17 इच्छुक होते. अलेक्झांडरला ते तिकीट मिळालं नाही, पॉल फ्लेचर यांना मिळालं.

मग त्याच्या वाट्याला बेनेलाँग आला. आपल्या भाषेत, पडेल जागा. 2007 पर्यंत हा लिबरल पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांचा मतदारसंघ होता. त्या वर्षी मजूर पक्षाने टीव्हीवरची प्रसिद्ध पत्रकार मॅक्सीन मॅक्यू उभी केली आणि हॉवर्ड घरच्या मैदानावर पडले. 1929 नंतर प्रथमच ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान स्वतःच्याच जागेवर हरला होता. 2010 मध्ये अलेक्झांडरने मॅक्यूला हरवून ती जागा परत आणली, सुमारे 53 टक्के मतं मिळवून (इथले टक्के पसंतीक्रमांची मोजणी पूर्ण झाल्यावरचे, ती पद्धत पुढे सांगतो).

हे यश मी पूर्णपणे त्याच्या खात्यात टाकणार नाही. मॅक्यूची मतं मुळात निम्म्याहून दीड टक्काही जास्त नव्हती. निवडणुकीच्या दोन महिने आधी मजूर पक्षाने स्वतःच्याच पंतप्रधानाला, केव्हिन रड यांना, खाली ओढलं होतं आणि मतदार त्या प्रकाराला कंटाळले होते. कुठलाही बरा लिबरल उमेदवार ती जागा लढवू शकला असता. उमेदवाराची खरी परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या निवडणुकीत होते. तिथे त्याचे आकडे बोलतात: 2013 मध्ये सुमारे 58 टक्के, 2016 मध्ये जवळजवळ 60.

हे कसं झालं, ते बघण्यासारखं आहे. बेनेलाँगमध्ये राइड, एपिंग, ईस्टवुड ही उपनगरं येतात. ईस्टवुड स्टेशनला उतरलात तर रुळांच्या एका बाजूला मुख्यतः चिनी दुकानं, दुसऱ्या बाजूला कोरियन. भारतीय कुटुंबंही भरपूर, त्यात मराठीही. अशा ठिकाणी डेव्हिस कपच्या आठवणी ऐकायला कोण येणार? बऱ्याच मतदारांनी तो देशच अलेक्झांडर निवृत्त झाल्यावर पाहिलेला. या गड्याने काय केलं, तर टेनिस बाजूला ठेवून टेबल टेनिस उचललं. प्राथमिक शाळांमध्ये टेबलं, शाळांच्या स्पर्धा, पुढे चीन-कोरिया-ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंचा बेनेलाँग कप. चिनी-कोरियन घरांत टेबल टेनिसला काय मान आहे ते वेगळं सांगायला नको. पोरगा स्पर्धेत उतरला की आई-बाप येतात, आजी-आजोबा येतात आणि बक्षीस द्यायला खासदार उभा असतो. आपल्याकडे नगरसेवक दहीहंडीला जे करतो तेच, फक्त लाउडस्पीकर कमी.

माझ्या पाहण्यातले बहुतेक खेळाडू उमेदवार इथेच अडकतात. त्यांना वाटतं आपल्या खेळाचं वेड लोकांनाही आहे. एका कबड्डीपटूने प्रत्येक कोपरा सभेत जुन्या अंतिम सामन्याची तीच चढाई सांगितली. टाळ्या पडायच्या. पाण्याच्या टँकरबद्दल विचारलं की मात्र भाषण तिथेच आटपायचं. मतदानाच्या सकाळी कळलं की चार बूथवर पोलिंग एजंटच नाहीत, कारण नेमणुकीच्या फॉर्मवर उमेदवाराची सही लागते आणि तो आदल्या रात्री सत्काराला गेला होता.

अलेक्झांडर मंत्री कधीच झाला नाही. ते मला त्याच्याविरुद्ध वाटत नाही. त्याने संसदेच्या समित्यांमध्ये काम केलं, अध्यक्षपदं सांभाळली आणि दोनच विषय धरून ठेवले. एक म्हणजे घरांच्या किमती. कर्जावर दुसरं-तिसरं घर घेणाऱ्या गुंतवणूकदाराला ऑस्ट्रेलियात करसवलत मिळते, त्यामुळे पहिलं घर घेणारं तरुण जोडपं लिलावात मागे पडतं, असं तो उघड बोलायचा. स्वतःच्या पक्षाला ही सवलत हात न लावता ठेवायची होती, तरीही. दुसरा विषय वेगवान रेल्वेचा: मोठ्या शहरांपासून दूरची गावं रेल्वेने जोडा, आणि रेल्वे आल्यावर जमिनीची किंमत वाढते तिचा काही हिस्सा वसूल करून त्याच रेल्वेचा खर्च भागवा. रेल्वे काही झाली नाही. पण 'खासदार काय करतो' या प्रश्नाला मतदारसंघात उत्तर होतं.

आता 2017. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे वर्ष तोंडपाठ करावं. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेचं कलम 44 म्हणतं की परदेशाचा नागरिक असलेला माणूस संसदेवर निवडून येऊ शकत नाही. जुलै 2017 मध्ये एका सिनेटरच्या लक्षात आलं की आपण जन्माने न्यूझीलंडचेही नागरिक आहोत. त्याने राजीनामा दिला आणि मग रांगच लागली. 27 ऑक्टोबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात जणांपैकी पाच जणांना अपात्र ठरवलं, त्यात उपपंतप्रधान बार्नबी जॉइसही होते. मला माहीत नव्हतं, ही सबब चालली नाही.

अलेक्झांडरचा जन्म सिडनीचा, पण वडील ब्रिटनमध्ये जन्मलेले. ब्रिटिश कायद्यानुसार वडिलांमुळे मुलाला नागरिकत्व मिळतं, मागा अथवा न मागा. ज्याने देशाच्या रंगात डेव्हिस कप जिंकला तो कागदावर दुसऱ्या देशाचाही नागरिक निघाला. 11 नोव्हेंबरला त्याने राजीनामा दिला. ब्रिटिश नागरिकत्व सोडायचं आणि पुन्हा उभं राहायचं, एवढीच वाट होती. मतदान 16 डिसेंबरला. म्हणजे प्रचाराला जेमतेम पाच आठवडे.

वेळही वाईट. 2016 मध्ये अलेक्झांडरच्याच पक्षाचे पंतप्रधान टर्नबुल यांच्या सरकारकडे 150 पैकी 76 जागा होत्या. बेनेलाँग गेलं असतं तर बहुमत गेलं असतं. मजूर पक्षाने न्यू साउथ वेल्सच्या माजी मुख्यमंत्री क्रिस्टिना केनिली यांना उतरवलं. त्यात चीनच्या हस्तक्षेपावरून राष्ट्रीय राजकारण तापलं, पंतप्रधानांनी त्यावर एक वाक्य चिनी भाषेत फेकलं आणि ईस्टवुडच्या चिनी मतदारांना ते बोचलं. उमेदवार दहा वर्षं शाळांमधून टेबलं मांडो, वरचा नेता एका वाक्यात गठ्ठा हलवू शकतो.

तिथली मतदानाची पद्धत थोडी सांगतो, कारण त्याशिवाय निकाल समजत नाही. मतदान सक्तीचं, शनिवारी, बहुतेक शाळांमध्ये. त्यामुळे मतदार घरातून बाहेर काढायची धावपळ नाही, आमचा निम्मा खर्च तिथेच वाचेल. आपल्याकडे केंद्रापासून 100 मीटरच्या आत प्रचार करता येत नाही. तिकडे दारापासून 6 मीटर सोडले की मतदानाच्या दिवशीही कार्यकर्ता तुमच्या हातात कार्ड देऊ शकतो. मतपत्रिकेवर सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम द्यावा लागतो, मधला एखादा आकडा चुकला तर मत बाद होऊ शकतं. म्हणून पक्ष कार्डावर छापून देतात: आमच्या माणसाला 1, मग अमक्याला 2, तमक्याला 3. एपिंगला राहणाऱ्या आमच्या नात्यातल्या एकाने त्या पोटनिवडणुकीतलं कार्ड फोटो काढून पाठवलं होतं. उमेदवार 12, प्रत्येकासमोर आकडा. मोजणीत सगळ्यात मागचा उमेदवार बाद होतो, त्याची मतं त्यांच्या पुढच्या पसंतीकडे जातात, आणि कोणीतरी निम्म्याच्या वर जाईपर्यंत हे चालतं. म्हणजे तुमच्यावर नाराज असलेल्याचीही दुसरी-तिसरी पसंती कामाची असते, त्याला दुखवून चालत नाही.

अलेक्झांडरला पहिल्या पसंतीची मतं 45 टक्क्यांच्या आसपास पडली. आपल्या पद्धतीत तेवढ्यावरच विजयी घोषित झाला असता, तिथे नाही. पसंत्या फिरत फिरत आकडा जवळजवळ 55 वर गेला. आधीच्या निवडणुकीपेक्षा पाच टक्के गेले, पण जागा राहिली. आकड्यांवरून ठाम सांगता येत नाही, पण एवढ्या उलट्या वाऱ्यात जे टिकलं त्यात शाळांमधल्या त्या टेबलांचा वाटा होता असं माझं मत आहे.

2019 मध्ये तो पुन्हा निवडून आला. 2022 ला उभा राहिला नाही, आणि जागा लगेच मजूर पक्षाच्या जेरोम लॅक्सेल यांच्याकडे गेली. ते राइडचे माजी महापौर, म्हणजे आपल्या शब्दांत नगरसेवकाच्या पायरीवरून वर आलेले.

आता तुमच्याबद्दल. टेनिसचा तुम्हाला उपयोग होईल, पण तुम्ही समजता तिथे नाही. राष्ट्रीय क्रमवारी पोस्टरवर एक ओळ म्हणून छापा आणि विसरा. तुमच्याकडे खरी गोष्ट आहे ती कोर्टावर येणाऱ्या मुलांच्या पालकांची. त्यांतले किती जण तुमच्या प्रभागाच्या यादीत आहेत ते आधी बघा. टेनिस शिकायला मुलं चार प्रभाग ओलांडून येतात, आणि कोथरूडच्या पालकाचं प्रेम येरवड्यात मत होत नाही. चार सदस्यांचा प्रभाग असेल तर हिशेब आणखी बदलतो, कारण पॅनेलमधल्या इतर तिघांचे मतदार तुम्हाला कितपत ओढतात यावर बरंच ठरतं.

कलम 44 चा आपला अवतार म्हणजे छाननी. थकबाकी, जातवैधता, 2001 च्या कटऑफनंतरचं तिसरं अपत्य, सगळं तिथे निघतं. तुमच्या बाबतीत मला एकच गोष्ट खटकते: तुम्ही महापालिकेच्या कोर्टांवर शिकवता. महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर नगरसेवकपदाला अपात्रता येते. जागेच्या निव्वळ भाडेपट्ट्याला कायद्यात सूट आहे, पण केंद्र चालवण्याचं किंवा प्रशिक्षणाचं कंत्राट वेगळं मोजलं जाऊ शकतं. कागदावर नक्की काय लिहिलंय आणि सही कुणाची आहे ते निवडणुकीच्या वकिलाला दाखवा, आणि आत्ताच दाखवा. विरोधकाचा माणूस ते कागद माहिती अधिकारात काढणार आहेच. करार बायकोच्या किंवा भावाच्या नावावर केला की सुटलो असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, 'अप्रत्यक्ष' हा शब्द त्यासाठीच आहे.

पक्ष की अपक्ष, यावर माझं मत पक्षाच्या बाजूने आहे, पण चांगली जागा मागायला जाऊ नका. ती सतरंज्या उचललेल्यांची असते आणि ते तुम्हाला आतूनच पाडतील. पक्षाला जिथे उमेदवार सापडत नाही तो प्रभाग मागा, आणि आत्तापासून तिथे कामाला लागा. अपक्ष उभं राहिलात तर चिन्ह अर्ज माघारीची मुदत संपल्यावरच मिळतं. त्यानंतर मतदानापर्यंत मोजके दिवस उरतात, आणि तेवढ्यात प्रभागातल्या प्रत्येक घरात नवं चिन्ह पोचवायला जेवढी माणसं लागतात तेवढी तुमच्याकडे आज नाहीत.